अनुसयाचे सहा डबे

नंदुरबारच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा चंदन रनाळ्यात आपल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होता. बायको, अनुसया, गेली, एवढंच कळलं. पोरांना घरी पाठवून त्याने शटर ओढलं.

सुतक फिटताना त्याच्या मोठ्या बहिणीने, धनुबाईने, सगळं घर धुऊन काढलं. अनुसयाचे बियाण्याचे सहा डबेसुद्धा.

मग वांग्याचं रोप टाकायची वेळ आली. अनुसयाने माहेराहून आणलेलं भरताचं वांगं दरवर्षी बी धरून जपलेलं. ते आता दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. चंदन डबे काढून बसला. शेजारी मयूरी, त्याची मुलगी. ती कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होती आणि हॅश टेबल, म्हणजे माहिती ठरल्या जागी ठेवून लगेच काढायची कॉम्प्युटरची रीत, तिच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

"तुझी माय बियाणं शोधत नव्हती," तो म्हणाला. "नावाचं पहिलं अक्षर बघायची. क-ख-ग-घ पहिल्या डब्यात, च-छ-ज-झ दुसऱ्यात, प-फ-ब-भ-म पाचव्यात. नाव घेतलं की डबा ठरला. हॅश टेबल तेच करतं."

"झायी अप्पानी क्लासनी मराठी चालू," मयूरी म्हणाली. "पन भरीतनं वांगं आनि मिरची, दोन्ही पाचवामाच येतीन ना?"

"येऊ दे. मग त्या डब्यातल्या दोन-तीन पुरचुंड्याच सोडायच्या. मिरचीचं बी जिभेला कळतं. काटेरी वांगं पहिल्या डब्यात, म्हणून भरताच्या वांग्यात मिसळत नव्हतं. बी दिसायला दोन्हींचं सारखंच."

त्याने पाचवा डबा उघडला. आत मिरची होती, मुळा होता. वांगं नव्हतं.

धनुबाई दारात तांदूळ निवडत होती. "वांगानं बी शोधी ऱ्हायना का रे चंदन? मोठा डबामा शे. काटेरी, भरीतनं, समदं वांगानं बी एकच फडकामा बांधी दिधं मी. कितला पसारा करी ठेयेल व्हता तिनी."

मयूरीने मोठ्या डब्यातलं फडकं काढून गाठ सोडली. धुतलेले डबे ओलेच बंद झाले होते. बियांवर बुरशी होती.

"समदं पेरूत, अप्पा. फळ लागनं का वळखूत."

चंदनने चिमूटभर बी ओल्या फडक्यात ठेवून पाहिलं. कोंब आला नाही. दुसरी चिमूट ठेवली, ती कुजली. पुढे मयूरीची परीक्षा झाली. हॅश टेबलचा प्रश्न सुटला, असं ती म्हणाली.

उरलेलं बी फडक्यातच आहे. रोपाचा वाफा अजून खणलेला नाही.