सुभेदारांच्या घरची नोरा

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, राजघराण्याच्या जुन्या समाध्यांवर, उतरतं ऊन आलं की दगड घटकाभर मधाच्या रंगाचे होतात, आणि त्या मधात एक उंच, काशफुलासारखी पांढरी बाई उभी दिसायची. ती दिसण्याआधी ऐकू यायची. रिक्षांचे भोंपू, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, पुलावरची घरघर, या सगळ्याच्या तळातून पाटीवर पेन्सिल फिरल्याची बारीक करकर येई. शिरोरेषा किंचित चढावावर नेत ती दोन देशांची नावं लिहायची. खाली तैलरंगात कायमची ओळ होती: लड़ाई बंद करो. आधी तिनं पुठ्ठ्याचे फलक रंगवून पाहिले होते. पण जगातल्या लढाया तिच्या पुठ्ठ्यांना आवरेनात, तेव्हा राजवाड्यामागच्या बाजारातून ती शाळकरी पाटी घेऊन आली. ओल्या फडक्यानं दोन देश पुसायचे, दोन नवे लिहायचे. ते फडकं ती पर्समध्ये पानाच्या डब्यासारखं जपून ठेवी.

ही आमची नोराकाकू. आमच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून तिचं घर. जन्म आयर्लंडच्या उत्तरेला, बेलफास्टमधल्या गिरणीकामगारांच्या वस्तीत. रंग दुधाचा, जीभ समाजवादी, आणि हट्ट असा की आमची इंदूरची उन्हाळी दुपारसुद्धा तिच्यापुढे जरा नमतं घ्यायची. तिच्या तरुणपणी त्या शहरात बंदुका घेतलेले शिपाई गल्लोगल्ली फिरत. धाकटा भाऊ शॉन एका संध्याकाळी दूध आणायला गेला आणि दोन बाजूंच्या गोळीबारात सापडला. गोळी कोणाची, ते कळलं नाही. घरी पोचलं ते एक प्रेत आणि एक बुटांचा जोड. त्यानंतर नोरानं कोणत्याही झेंड्याखाली उभं राहायचं नाकारलं. कामगारांसाठी आणि युद्धाविरुद्ध, एवढ्या दोनच कारणांसाठी ती रस्त्यावर येई. अशाच एका मोर्चात तिला भास्करकाका भेटले. ते तिकडे कापड विणण्याचं तंत्र शिकायला गेले होते आणि मोर्चात चुकून शिरले होते, असं ते आयुष्यभर सांगत. "चुकून नाही," काकू म्हणायची, "त्याला थंडी वाजत होती. गर्दीत ऊब असते."

आता गंमत बघा. युद्धाचा जिला एवढा तिटकारा, ती सून होऊन आली मूळच्या महूच्या छावणीतल्या सुभेदारांच्या घरात. बौद्ध घर, आणि पणजोबांपासून प्रत्येक पिढीत एक तरी फौजी. दिवाणखान्यात बुद्धाची शांत मूर्ती आणि तिच्याच खाली काचेच्या कपाटात पदकं, बकलं आणि तेलपाणी केलेले जुने बूट. पहिल्याच दिवशी तिनं सासऱ्यांना मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं म्हणे, की बाबा, वर हे आणि खाली ते, दोघांचं जमतं कसं.

सुभेदार मिशीत हसले. उत्तर त्यांनी सावकाश, बऱ्याच वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी दिलं. त्यांच्या आजोबांना गावच्या वाटेनं जाताना वहाणा काढून काखेत धराव्या लागत. पायात काही घालून पाटलाच्या दारावरून जायची सोय नव्हती. मग फौजेनं बूट दिले. ते घालून आजोबा गावात शिरले तेव्हा त्या बुटांचा आवाज ऐकायला बायका दारात आल्या होत्या. "पोरी," सुभेदार म्हणायचे, "तुमच्याकडे बुटांचा आवाज आला की लोक दारं लावत. आमच्याकडे उघडत."

त्यावरही काकूनं वाद सोडला नाही. ओसरीवर चहाचे कप निवत ठेवून सासरा-सून भांडत, तेव्हा कॉलनीतली आम्ही पोरं कुंपणावर बसून ऐकत असू. त्या भांडणाला थंडीतल्या कोवळ्या उन्हाची चव होती. तापायचं, भाजायचं नाही. सुभेदार आजारी पडले तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली ती हीच सून.

त्या घराची एक रीत होती. कोणी फौजेत निघालं की निघायच्या सकाळी घरातलं सर्वांत वडील माणूस त्याच्या बुटांना पॉलिश करी. अंगणात वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बूट, डबी, ब्रश. बाकी सगळे गोल उभे. आशीर्वाद तोंडानं द्यायचा नाही, चमक आणून द्यायचा. सुभेदारांनी ती रीत पाळली, त्यांच्यामागे भास्करकाकांनी पुतण्यासाठी पाळली. मग काकाही गेले. आणि घरात सर्वांत वडील कोण उरलं, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, जोवर तिची नात मित्रा सैन्यात अधिकारी म्हणून निवडली गेली नाही.

मित्राला वाढवलं काकूनं. तिनं पहिली अक्षरं गिरवली ती त्याच पाटीवर, दोन देशांच्या मधल्या जागेत. त्या मुलीनं वर्षभर प्रशिक्षण पुरं केलं, घरी आली, आणि नेमणुकीवर निघायच्या आठवडाभर आधी जेवणाच्या ताटावर शांतपणे म्हणाली, "आजी, बूट तू करशील ना?"

काकूनं पोळीचा तुकडा मोडला आणि तो खाल्ला नाही.

तो आठवडा मला अजून आठवतो, कारण त्यात घरातून आवाजच येईना. एरवी ती रेडिओशी भांडे, कुकरशी भांडे. आता नुसती मोगऱ्याला पाणी घालत राही, वाफ्यातून पाणी वाहून जाईपर्यंत. मी भिंतीवरून म्हटलं, "काकू, मोगरा पोहायला शिकेल." ती अस्सल इंदुरी ढंगात म्हणाली, "भिया, नाही म्हटलं तर पोरगी जाते. हो म्हटलं तर मी जाते. तू सांग, कोणाला ठेवू."

निघायची सकाळ उजाडली. अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं, बूट मांडलेले. मुलगा-सून हात बांधून उभे. मी भिंतीला रेलून. काकू बाहेर आली ती पांढऱ्या साडीत, बौद्ध रीतीच्या लग्नात नेसली होती तसली. बुटांकडे बघत ती इतका वेळ उभी राहिली की सून हळूच म्हणाली, "आई, राहू द्या. मी करते."

"थांब," काकू म्हणाली. "मित्रा, बूट घाल."

"घालू? आजी, रीत तर आधी पॉलिश…"

"माझी आई दर शनिवारी शॉनच्या बुटांना पॉलिश करायची. रविवारी चर्चला जायला. पोरगा मातीत, आणि बूट दाराशी चकाचक. तीन माणसांचं घर होतं, चार जोड मांडलेले असायचे." ती हे कोणाला सांगत नव्हती, ब्रशला सांगत होती. "रिकाम्या बुटांना मी हात लावणार नाही. त्यात तू उभी राहा."

मित्रानं बूट घातले. आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई, गुडघ्यांवर हात टेकत, फरशीवर नातीच्या पायाशी बसली.

मुलगी दोन पावलं मागे सरली. आजीनं पायाला हात लावायचा, म्हणजे आपल्याकडे जगच उलटं. "आजी, नको ना. पाप लागेल मला. उठ, प्लीज."

"लागू दे. फौजेत चालली आहेस, थोडं सोबत असू दे."

सून हसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली. मित्रा पुढे आली. काकूनं डाव्या हातानं तिचा घोटा धरला, घट्ट, वासराचा पाय धरावा तसा, आणि उजव्या हातानं ब्रश फिरवू लागली. ऊन भिंतीवरून उतरून त्या चामड्यावर आलं, तरी ती थांबेना. चमक केव्हाच आली होती. शेवटी मुलानं खाली वाकून म्हटलं, "आई, गाडी," तेव्हा तिचा उजवा हात थांबला. डावा त्यानंतर बऱ्याच वेळानं सुटला.

त्याच संध्याकाळी ती पाटी घेऊन छत्र्यांपाशी गेली. मला राहवेना, मीही मागून गेलो. तिथल्या फुटपाथवर एक मोजेवाला बसतो. तिची थट्टा हा त्याचा रोजचा धर्म. "काकीजी, आज कौनसी लड़ाई बंद करनी है?" असं तो विचारी आणि ती म्हणे, "जी तू टीव्हीवर बघतोस ती." त्या दिवशी बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. मोज्यांच्या जुड्या बांधता बांधता तो म्हणाला, "काकीजी, सुना पोती फौज में गई. अब तो छोड़ो ये सब. अब किस मुँह से खड़ी हो?"

काकूनं पाटी फडक्यानं पुसली. दोन देशांची जागा कोरीच ठेवली. "आतापर्यंत दुसऱ्यांच्या पोरांसाठी उभी होते, भिया," ती म्हणाली. "आता माझी पण आहे."

मोजेवाल्यानं आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही.

पुढच्या थंडीत, दुपारच्या झोपेत, काकू गेली. मित्राला यायला उशीर झाला. आता ती सुट्टीवर येते तेव्हा भिंतीपाशी येऊन माझ्याशी बोलते. बुटांना ती स्वतःच पॉलिश करते, पायात घालून, वाकून, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मी कारण विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं: ब्रश फिरायला लागला की कोणी तरी घोटा घट्ट धरतं. सांगून ती ओशाळली. मी समजल्यासारखी मान डोलावली, कारण गेलेलं माणूस नेमकं कुठे राहतं याची फोटो, पदकं, नावं कोरलेले दगड अशी कितीतरी उत्तरं मी पाहिली आहेत. पण काळ सगळ्यांच्या मुठी हळूहळू उघडत जातो, आणि घोटा धरलेल्या त्या हातासारखी एखादीच मूठ असते, जी रिकामी होऊनही सुटत नाही.