वॉर्डवेलच्या घरची माणसं

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाची सहल वॉर्डवेलच्या जुन्या घरी आली होती. वॉर्डवेल म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा बडा जमीनदार. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन फौजेला रसद पुरवायचा: पीठ, खारवलेलं मांस, घोडे, घोड्यांना गवत. माहितीपत्रकाचं मराठी उपासनानं केलेलं, म्हणून वाचून दाखवायचा मानही तिचाच. नागपूरहून आलेली अंजनामावशी पुढेच उभी, भाचीच्या कौतुकानं नुसती फुललेली.

"या कामात त्याच्या घरच्या माणसांनी रात्रंदिवस हातभार लावला," उपासनानं वाचलं.

"घरची म्हणजे कोण गं? मुलंबाळं?" मावशीनं विचारलं.

"नाही... कामाला होती ती."

"मग काम सोडून जाता येत होतं त्यांना?"

झालं! मूळ इंग्रजी कागदात 'सर्व्हंट्स' होतं, आणि त्या काळी त्याचा अर्थ काय, हे उपासनाला पक्कं ठाऊक होतं. आधी तिनं सरळ 'गुलाम' असंच लिहिलं होतं की! पण मंडळाची अध्यक्ष वैदेही म्हणाली, "यार, पिकनिक आहे, लोकांचा मूड कशाला ऑफ करतेस? घरची माणसं लिही ना." आणि ही उपासनाबाई लगेच हो म्हणाली. का, तर 'जयभीमवाल्यांना जिथे तिथे तेच दिसतं' असं मंडळात कुणी म्हणू नये म्हणून. एवढीशी भीती, आणि त्यापायी केवढं खोटं!

"आमच्या गावचा मालगुजारही, सगळी जमीन त्याचीच, माझ्या आईला घरचीच म्हणायचा," मावशी सहज बोलून गेली. "पाणी मात्र तिच्या ओंजळीत वरून ओतायचा."

उपासनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पत्रक खाली केलं.

"गुलाम होती ती, मावशी. सतरा जणं. मला माहीत होतं, तरी मी खोटं लिहिलं."

वैदेहीनं घड्याळात बघून सगळ्यांना बसकडे चलायची खूण केली. मावशी मात्र जागची हलली नाही.

"नावं काय गं होती त्यांची?"

नावं मूळ कागदात होती, सतराच्या सतरा. जागा पुरत नाही, असं स्वतःलाच सांगून उपासनानं ती गाळली होती. नावांचं काही भाषांतर करावं लागत नाही, नुसती उतरवून घ्यायची होती. तेवढंही तिच्या हातून झालं नव्हतं, आणि आता मावशीपुढे उभं राहून तिला त्यातलं एकही आठवेना.