फ्लेक्सवरचा हात

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या गावाला ठावं हाय. पण त्या रविवारी माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आन् ती अजून विझली न्हाई.

आमचं गाव नांद्याच्या पलीकडं, निम्मी भातखाचरं आन् निम्म्या इमारती. माझी पोरगी नम्रता हिंजवडीला गेमच्या कंपनीत चित्रं काढते. मोठ्या माणसांनी खेळायचे गेम. त्यात तलवारी, कोयते, मारामाऱ्या, रक्त. ते रक्त आमची नम्रता काढते. जखम कशी दिसंल, रक्त कसं ओघळंल, सगळं तीच. लोकांना एवढंच ठावं होतं की पोरगी कॉम्प्युटरवर हाय, आन् तेवढ्यावर सगळे खुश होते.

मग कुणीतरी त्या गेमचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. झालं! रविवारी विहारात वंदना उरकली तसं एकजण तिच्या पप्पांना म्हणाला, "आनंदा, आत्ताच पंचशील म्हणलास. जीवहत्या करणार न्हाई म्हणलास. आन् पोरगी रक्ताच्या जिवावर जगती व्हय?"

आमचे हे विहाराच्या समितीवर. मान खाली घालून घरी आले आन् दारातनंच पोरीला म्हणाले, "उद्या राजीनामा दे. न्हाईतर ह्या घरात राहू नको."

नम्रता म्हणाली, "पप्पा, एकदा बघा तरी मी काय काढते ते."

"मला न्हाई बघायचं."

पोरगी ताटावरनं उठली. रात्रीचा दिवस करून ती हितवर पोचली होती.

त्याच दुपारी पंचायतीच्या पटांगणात बैठक. बोलावली कुणी? अतुलनं. अतुल म्हणजे प्लॉटिंगवाला, गळ्यात दोरखंडागत चेन, मागं कायम चार पोरं. त्याचा त्या दिवशी वाढदिवस. पटांगणाच्या तोंडावर त्याचा हा एवढा मोठा फ्लेक्स. छाती उघडी, हातात कोयता, कोयत्यावरनं रक्त गळतंय, आन् खाली लिवलंय, 'गावाचा वाघ'. सकाळी त्याच फ्लेक्सला वडीलधारे म्हणून आमच्या ह्यांनी हार घातला होता. मग अतुलनं कोयत्यानं केक कापला. अंगणवाडीतली पोरं पुढं बसून टाळ्या पिटत होती.

आन् आता तोच अतुल माइक धरून म्हणतोय, "गेममुळं आपली पिढी बिघडली. मारामाऱ्या शिकतात पोरं. गावात गेम बंद झाले पायजेत. आन् आपल्याच गावची एक पोरगी असली घाण बनवते. तिला घरच्यांनी आवरावं, राजीनामा द्यायला लावावं." सगळ्यांनी वळून आमच्याकडं बघितलं. हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले.

सरपंच लीलाबाई म्हणाल्या, "आनंदाभाऊ, तुमीच सांगा."

हे काय सांगणार, कपाळ! मीच उठले.

"अतुल, तुला सांगते. माझ्या पोरीच्या गेमवर लिवलेलं असतंय, अठराच्या आतल्यांनी खेळायचा न्हाई. तुझ्या कोयत्यावर कुटं लिवलंय रं? सकाळी अंगणवाडी बसवली होतीस पुढं!"

"काकू, तो कोयता नुसता केकला होता."

"मग तिचं रक्त बी नुसतं पडद्यावर हाय!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अतुलचं तोंड लाल झालं. मी बसणारच होते, तेवढ्यात माझी नजर फ्लेक्सवर गेली. सकाळी मी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. आता बघितलं, आन् कोयता धरलेल्या हातावर नजर अडकली. कोपराखाली भाजल्याची आडवी खूण. ह्या टोकाला रुंद, त्या टोकाला बारीक.

ती खूण माझी हाय. भाकरीच्या तव्यानं भाजले होते मी. नम्रतानं तिच्या गेममधल्या लढवय्याच्या हातावर हुबेहूब काढली, आन् लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली होती, "आई, तुझा हात बघ."

फ्लेक्सवाल्यानं नेटवरनं आयतं धड उचललं होतं आन् वर अतुलचं मुंडकं चिकटवलं होतं. वाघ म्हणं!

मी फ्लेक्सपाशी गेले, बाही वर सारली आन् त्याच्याखाली हात धरला. "बघा रे, डोळे फाडून बघा! हे धड माझ्या पोरीनं काढलंय. रक्त बी तिचंच. ज्याला घाण म्हणताय त्याला सकाळी हार घातलात तुमी!"

मला वाटलं, आता तरी लाजतील. लाज कुटं हाय ह्यांना! अतुलच्या मागं फिरणाऱ्या पोरांतलाच एकजण म्हणाला, "आयला, नम्रताताईनं काढलंय? लई भारी!" आन् मग सगळेच. कसं काढती, किती खरं वाटतंय. अतुल पुढं आला आन् ह्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काका, आधी सांगायचं की! राजीनामा कशाला? फुडल्या वर्षी माझा फ्लेक्स तिलाच करू दे. रक्त जरा जास्त टाकू."

आन् आमचे हे हसले. हसले! म्हणाले, "करंल की. आपलीच पोरगी हाय."

सकाळी जी पापी होती, ती दुपारी आपली झाली. मला इतकी चीड आली की डोळ्याला पाणी आलं. घरी गेले, गवताचा विळा घेतला, परत आले आन् भरल्या बैठकीत फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. वाघ धपकन मातीत पडला. कुणी काकू काकू करत होतं. मी गुंडाळी केली, ओढत घरी आणली आन् सरपणावर झाकली, अतुलचं तोंड खालच्या अंगाला.

हे मागनं धावत आले. "येडी झालीस का? त्याला काय सांगू मी? पोरगी फ्लेक्स करंल म्हणून शब्द दिलाय!"

नम्रता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, मी राजीनामा देणार न्हाई," ती म्हणाली, "आन् फ्लेक्स बी करणार न्हाई. मी खोट्या माणसांचं रक्त काढते. अतुलच्या हातात कोयता खरा हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी सांभाळून घेईन म्हणून.

"माझ्याकडं काय बघताय?" मी ओरडले. "जिला घरातनं काढत होता, तिच्याकडं बघा की!"