हरेश्वर पेंटरचं ‘पानी’

आता तुम्हीच सांगा, एक अक्षर चुकलं म्हणून माणसाने किती भोगायचं?

नालासोपाऱ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर हरेश्वर पेंटरचे बोर्ड आधीपासून गाजलेले. गास गावातल्या पंक्चरवाल्याला त्याने लिहून दिलं होतं, ‘पंक्चर काढतो. करत नाही, देवाशप्पथ!’ माणसं रिक्षा थांबवून वाचायची. मग बिल्डर हर्षवर्धनशेठने तिथे ‘सागरछाया’ ही फ्लॅटची इमारत बांधली. शेठ म्हणाला, एकापुढे एक चार बोर्ड लाव, रिक्षा पुढे जाईल तशी ओळ पुढे सरकली पाहिजे. हरेश्वरने झकास जुळवलं:

सासू रुसली कशापायी?
नळाला तर धारच नाही!
चोवीस तास पानी भरा,
सागरछायेत संसार करा!

पानी! अहो, कळंबच्या त्याच्या घरात ‘ण’ कधी जन्मालाच आला नव्हता. जिभेवर होतं तेच ब्रशातून उतरलं. चूक कळल्यावर तो डबा घेऊन धावला, तर शेठने त्याचा हात धरला. “पुसायचं नाही! लोक पोट धरून हसतायत आणि फ्लॅट बघायला येतायत. आता सगळं असंच गावठी लिही.”

पुढचा बोर्ड आला, ‘कोन म्हनतो पानी नाय?’ खाली ठळक नाव, हरेश्वर पेंटर. शेठ खूश झाला, सागरछायेच्या तळमजल्यावर त्याला दुकानाला गाळा दिला. गाळा दिला आणि गळाही धरला, दुसरं काय!

हरेश्वरलाही आधी मजा वाटली. पण त्याची आर्या फ्लॅटवाल्यांच्या पोरांबरोबर शाळेत जायची. वर्गात तिने पाणी प्यायला जायची परवानगी मागितली की मागच्या बाकावरून कोरस सुरू, “कोन म्हनतो पानी नाय?” पोरीने पाणी मागणंच सोडलं. घसा कोरडा घेऊन घरी यायची आणि माठाला तोंड लावायची.

तो तिला ‘ण’ शिकवायला बसला. “जीभ वर टाळूला लाव. बोल, पानी.”

“बाबा, तुम्हीपन तेच बोलता.”

शेवटी तो शेठकडे गेला. “शेठ, हात जोडतो, ते बोर्ड उतरवा. माझी पोर शाळेत तोंड उघडत नाही.”

“अरे, हसतील त्यांचे दात दिसतील! तू नाही लिहिलंस तर दुसरा लिहील. पण नाव तुझंच राहणार, लोकांना तेच लागतं. आणि गाळा कुणाला देऊ, सांग?”

इकडे आड, तिकडे विहीर. हरेश्वर मुकाट नवा बोर्ड रंगवायला बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

अशात आर्याने सांगितलं, गॅदरिंगमध्ये मी एकटी बोलणार आहे, आजीला घेऊन या. हरेश्वरचा जीव भांड्यात पडला. पोर चारचौघांत तोंड उघडणार, आणखी काय हवं? आईला चांगलं लुगडं नेसवून तो पुढच्या रांगेत बसला.

पडदा वर गेला. आर्या लुगड्यात, डोक्यावर पाटी, कमरेत वाकलेली. “डाक्टरबाय, मना पानी पचत नाय! कोनी सांगते मीठ खा, कोनी सांगते उपास कर!” हॉल हशाने फुटला. आवाज थेट आजीचा, चाल आजीची, पदराने नाक पुसायची लकबही आजीचीच. चिडवणारी पोरं बाकांवर चढून ओरडत होती, “आर्या! आर्या! वन्स मोअर!” आर्याने पुन्हा केलं, आधीपेक्षा वाकून, आधीपेक्षा गावठी. तिचा चेहरा असा फुललेला त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. ती त्याच्याकडेच बघत होती, टाळीची वाट बघत.

त्याला ओरडायचं होतं, बस कर गो! हातांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारी आईने त्याची बाही ओढली. “हरेश, ही मानसं माज्यावर हसतान का रे?”

“नाय गो आये,” हरेश्वर टाळ्या न थांबवता म्हणाला, “पोर चांगली बोलते ना, म्हनून.”