बलभीमच्या वारुळावरची अळंबी

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार न्हाय. मला ओळखणाऱ्याला तर मुळीच न्हाय. तरी ऐका, कारण ज्याच्याबद्दल आहे तो बलभीम पाराच्या त्या टोकाला पाठ करून बसलाय.

आमच्या बेंबळीत अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. बाप पोराला सांगतो, तेही अंथरुणाला खिळल्यावर. वारुळाच्या पोटात वाळवी तिचं बियाणं जपते आणि श्रावणात ढग गडगडले की सकाळी वर पांढऱ्या टोप्या दिसतात. बलभीम माझा लहानपणापासूनचा दोस्त. यंदा त्याचा गुडघा गेला, तेव्हा कानाशी येऊन म्हणाला, "ज्ञानोबा, ओढ्यापलीकडं, बाभळीखालचं वारूळ. तू आण, दोघं खाऊ. पण वारूळ सोडून दुसरीकडचं काही उचलू नको."

गेलो. एकेक छत्री एवढी, की खाली शेळी दोन करडं घेऊन पावसाची उभी होती. जरा सरक म्हणालो.

"मग शेळी काय म्हणली?" पारावर ऐकत बसलेल्या बंडप्पानं विचारलं.

"म्हणली, पाऊस तर उघडू द्या."

घरी आमच्या कमलबाईनं रश्शात लसणाची अख्खी पाकळी सोडली. पाकळी काळी पडली तर विष, ही आमच्याकडची परीक्षा. पाकळी पांढरीच राहिली. कमलबाईला सोमवार होता. मी बलभीमचा वाटा झाकून ठेवला अन् माझा ओरपला.

दिवस मावळायला पोटात पीळ पडला. उलट्या, जुलाब, मग धाराशिवला सलाईन. दुसऱ्या दिवशी लई हुशारी वाटली, चहा मागितला, तर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, एवढ्यात घरी जायचं नाही. यातलं काही विष असं असतं, की माणसाला बरं वाटतं आणि आत लिव्हर खराब होत असतं. अन् लसणाला विष कळत नाही."

तिथं पडल्या पडल्या मला उमगलं. खरं वारूळ बलभीमनं स्वतःपाशी ठेवलं अन् मला कुत्र्याच्या छत्र्यांवर धाडलं. एका ताटात जेवलेला माणूस. मी गावभर सांगितलं, का सांगू नये? परवा त्याच्या नातीच्या बारशाला पंगत बसली, तर निम्मी माणसं पानाला हात न लावता उठली. आता त्याच्या घरचा चहासुद्धा कुणी घेत नाही. बघा, अजून तोंड फिरवून बसलाय. बोलेल कशाला?

त्याची बायको मालनबाई त्याला न्यायला आली होती. माझ्या मागं कधीची उभी होती कुणास ठाऊक.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवशी ओढ्याला छातीएवढं पाणी होतं. तुम्ही पलीकडं गेलातच कुठं? आमच्या उकिरड्यावर वाकून छत्र्या उपटत होतात. गोठ्यातनं म्या हाका मारल्या, तर हात हलवून चालते झालात. म्या बारशातच सगळ्यांसमोर सांगणार होते. ह्यांनीच हात धरला. म्हणले, न्हाय, ज्ञानोबाची अब्रू जाईल."