तुरीचे अकरा दाणे

“मॅडम, तो मागचा लबाडी करून राह्यला,” रूपराव म्हणाले. संगणकाच्या पडद्याला बोट लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि हनुवटीने दाखवत होते. “तोंडानं सांगते का मी मागंच राहीन. पाय पाहा त्याचे. टाच उचलली हाय. हा खाली येईन.”

मी थांबवलेलं चित्र पुढे सोडलं. चेंडू हलला, आणि मागे उभा असलेला तो शिरस्त्राणवाला गडी खरोखरच धावत पुढे आला.

“एकेचाळीस नंबरचं पान,” रूपराव म्हणाले. “सदतीस नाई.”

ही २००५ सालच्या जानेवारीतली, आर्वीच्या माझ्या घरातली रविवार सकाळ. दुपारी लाइट जायचे म्हणून आम्ही नऊलाच बसायचो. रूपरावांच्या अंगात शाळेचा खाकी शर्ट असायचा, रविवारीसुद्धा. खिशात पेन आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातलं मतदार ओळखपत्र. ते ओळखपत्र ते कधी घरी ठेवत नसत. शिपायाला कुठेही कोणीही विचारतं, तू कोण म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि घरात बोलायला कोणी नव्हतं. दिवाळीला माझा भाचा कुंदन अमेरिकेहून आला तेव्हा त्याला माझी कीव आली असावी. त्याने मला एक काम लावून दिलं. तिकडे एक फुटबॉल खेळतात, ज्यात पायाचं काम कमी आणि हातघाई जास्त. त्याच खेळाचा एक व्हिडिओ गेम आहे. गेममध्ये बचाव कसा मांडायचा याचं एक पुस्तकच असतं. प्रत्येक पानावर एक छोटी आकृती, अकरा खुणा, कोण कुठे उभा राहणार आणि कुठे धावणार याच्या रेघा. कुंदन आणि त्याचे मित्र एक वेबसाइट चालवत. खऱ्या सामन्यात अमुक संघाने अमुक वेळी जो बचाव लावला, तो गेमच्या पुस्तकात कितव्या पानावर सापडतो, याचा तक्ता त्यांना करायचा होता. त्याने मला सामन्यांच्या सीड्या दिल्या, पुस्तकाची छापलेली पानं दिली, आणि म्हणाला, “आत्या, बसल्या बसल्या कर. पैसे नाहीत, पण शेवटी नाव छापू.”

पहिले तीन आठवडे मला ओ की ठो कळलं नाही. माणसं वाकून उभी राहायची आणि क्षणात एकमेकांवर कोसळायची. त्या ढिगाऱ्यातून पान कसं शोधायचं? कुंदनला मी ‘चाललंय’ असं कळवत होते. चाललं काहीच नव्हतं.

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन रूपराव आले, तो रविवार मला आठवतो. गठ्ठा कोनाड्यात ठेवून ते निघाले होते. दारातून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि थांबले. मग म्हणाले, “मॅडम, हे कबड्डीच हाय. गेंद उगाच देला त्यायच्या हाती.”

रूपराव कुमरे हे आर्वीजवळच्या रोहणा गावचे. तरुणपणी कबड्डीत त्यांची पकड सुटत नसे, असं जुने लोक सांगत. शाळेत ते शिपाई म्हणून लागले, आणि मैदानावर चुन्याची फक्की मारणं हे त्यांचं काम झालं. दोरी न लावता सरळ रेघ मारायचे. आम्ही शिक्षक समोर त्यांना रूपराव म्हणायचो आणि आपसात ‘तो रूपराव’. आज लिहिताना मी ‘ते’ लिहिते आहे, ते उशिरा आलेलं शहाणपण आहे.

त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातून सूप मागितलं. मूठभर तूर, मूठभर चणे. चेंडू ज्यांच्याकडे ते अकरा चणे, अडवणारे अकरा तुरीचे दाणे. सीडीतलं चित्र थांबवायचं, सुपात दाणे तसेच मांडायचे, चित्र पुढे सोडायचं, दाणे बोटाने सरकवायचे. मग छापलेली पानं एकेक करून सुपाशेजारी धरायची. आकृती आणि दाणे जुळले की पान मिळालं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पानांवरची नावं वाचता येत नव्हती. त्यांना गरजही नव्हती. चाळीस-पन्नास पानं त्यांच्या डोळ्यांत महिन्याभरात बसली.

कॅमेरा पुष्कळदा मागची माणसं दाखवतच नसे. मी म्हणायचे, आता कसं कळणार? रूपराव हसायचे. “पुढच्यानं मान वळवून मागं पाह्यलं न मॅडम, म्हणजे मागं कोनी तरी हाय. एकटा माणूस मागं पाहत नाई.”

मी एकदा विचारलं, सगळं पायांवरूनच कसं ओळखता. ते म्हणाले, “चढाईवाल्याचं तोंड पाहाल तर मराल. माणूस तोंडानं कितीबी थापा मारते. पायाले थापा मारता येत नाई.”

मी तक्ते इंग्रजीत टाइप करून पाठवत होते. एकेचाळीस नंबरच्या त्या पानावरून तिकडे म्हणे दोन दिवस वाद झाला. बाकी सगळ्यांनी सदतीस लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या संघाच्या प्रशिक्षकानेच मुलाखतीत सांगितलं की मागचा गडी मुद्दाम फसवायला मागे उभा केला होता. कुंदनची मेल आली. आत्या, तू तर कमाल आहेस, मी सगळ्यांना सांगितलं की माझी आत्या भारतातल्या एका छोट्या गावात इंग्रजी शिकवते आणि तिने आपल्या सगळ्यांना हरवलं.

ती मेल मी चार वेळा वाचली. यजमान गेल्यापासून माझं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. उत्तर लिहिलं, त्यात रूपरावांचं नाव नव्हतं. पुढच्या मेलमध्ये सांगू, असं मनाशी म्हटलं. पुढच्या मेलमध्येही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी रूपराव दाणे मांडता मांडता म्हणाले, “तिकडं नाव टाकतेत म्हने.”

हे मीच त्यांना कधी तरी बोलले होते.

“टाकतात,” मी म्हटलं.

“माझं टाकतीन का?”

मग त्यांनी ती एक्क्याण्णव सालची गोष्ट सांगितली. शाळेचा कबड्डी संघ तेव्हा विभागीय सामन्यांत जिंकून नागपूरहून परतला होता. रोज संध्याकाळी मैदानावर मुलांना तयार केलं होतं रूपरावांनी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरात फोटो आला. मुलं, खेळाचे सर, मुख्याध्यापक. रूपराव टोकाला उभे होते, ते कापले गेले. “कोपर आलं होतं माझं,” ते म्हणाले. “बुढीले दाखोलं मी घरी, हे कोपर माझं हाय म्हनून. बुढी म्हने, कशावरून?” ते हसले, मीही हसले. मग ते सुपाकडे बघत म्हणाले, “अमेरिकेत नाई पाह्यत कोनी, मले मालूम हाय. पन कागदावर पाह्यजे एकदा. पूर्ण नाव.”

“टाकायला सांगते,” मी म्हटलं.

मी सांगायला बसले होते, हे खरं आहे. रूपराव कुमरे ही अक्षरं मी टाइपही केली. पण त्यांचं नाव लिहायचं तर आधीचं सगळं कबूल करावं लागणार होतं. ज्या आत्याची कुंदनने मित्रांत एवढी शेखी मिरवली, तिला चेंडू कुठे आहे हेसुद्धा दिसत नव्हतं, आणि हे सगळं तिच्या शाळेच्या शिपायाने सुपात तूर मांडून केलं. शिपायाने, हा शब्द मला त्या वेळी अडला. तो का अडला, याची कारणं मी वीस वर्षं वेगवेगळी देऊन पाहिली. खरं कारण एकच आहे आणि ते चांगलं नाही. मी ती अक्षरं एकेक करून पुसली.

मार्चमध्ये तक्त्याचा पहिला भाग वेबसाइटवर आला. घरी प्रिंटर नव्हता, एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून मी प्रत काढून आणली. वर तक्ता, खाली आभाराची एक ओळ, त्यात पाच नावं. शेवटचं माझं, शकुंतला गुल्हाने, आर्वी. मी ती प्रत कपाटात ठेवली होती. पण रूपराव दर रविवारी विचारायचे, आलं का हो मॅडम. किती दिवस टाळणार? एके दिवशी काढून समोर ठेवली.

“कुठं हाय?”

मी माझ्याच नावावर बोट ठेवलं. “हे बघा. रूपराव कुमरे.”

ते वाकले. पान त्यांनी हातात घेतलं नाही, नेहमीसारखी मान थोडी तिरपी करून बघत राहिले. आकृती बघताना बघायचे तसंच. एक हात शर्टाच्या खिशावर होता. मला वाटलं, भरून आलं असेल. मग सरळ होऊन म्हणाले, “एक कापी भेटन का मले?”

“हीच न्या,” मी म्हटलं. तो कागद घरातून जावा, एवढंच मला हवं होतं.

त्यानंतर तीन सीड्या उरल्या होत्या. रूपराव एकही रविवार चुकले नाहीत. फक्त एक फरक पडला. ते दाणे मांडायचे, सरकवायचे, आणि पानांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवायचे. “आता तुम्हीच सांगा मॅडम. कोनतं पान?”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी एखादं पान अंदाजाने उचलायची. ते बरोबर पान गठ्ठ्यातून काढून वर ठेवायचे. शेवटची सीडी संपली तेव्हा त्यांनी सूप अंगणात नेऊन झटकलं, धुऊन उन्हात ठेवलं, आणि गेले. पुढे शाळेत ते मला पूर्वीसारखंच नमस्कार मॅडम म्हणायचे. मीही पूर्वीसारखीच मान हलवायची.

मी २००६ मध्ये निवृत्त झाले, ते त्याच्या पुढच्या वर्षी. २००९ च्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. नात दामिनी दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली आली होती. या म्हणाले, पोरीले आशीर्वाद द्या. काही तरी कारण सांगून टाळावं, असं मनात आलं, पण सुचलं नाही. एसटीने रोहण्याला गेले.

दोन खोल्यांचं घर, सारवलेलं. रामबाई, म्हणजे त्यांची पत्नी, लगबगीने पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, “हे तर रोज तुमचंच नाव घेतेत.” मला खाटेवर बसवलं. शेजारपाजारची चार-पाच माणसं आली होती. आणि समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या जरा खाली, काच लावलेल्या चौकटीत तो कागद होता.

रूपराव शेजाऱ्यांना सांगू लागले, की ह्या मॅडम, ह्यांच्याच घरी ते अमेरिकेचं काम केलं. कोणी तरी विचारलं, काय लिहिलं आहे त्यात. त्यांनी नातीला हाक मारली. “दामिनी, वाच.”

दामिनी चौकटीजवळ गेली. किडकिडीत पोरगी, दोन वेण्या. मी इंग्रजीची शिक्षिका होते, एखादी मुलगी वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे मला मागच्या बाकावरूनही कळायचं. पहिली चार परदेशी नावं तिने कागदावर नजर ठेवून, नीट अडखळत वाचली. पाचव्या नावाला तिने कागदावरून नजर काढली, आजोबांकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “रूपराव कुमरे, रोहणा.”

कागदावर आर्वी होतं.

शेजारी वा वा म्हणाले. मी चौकटीकडे बघत होते. घरातले महत्त्वाचे कागद चौकटीच्या कोपऱ्यात खोचायची आपल्याकडे पद्धत असते. तिथे, खालच्या कोपऱ्यात, माझ्या नावाला जवळजवळ लागून, त्यांचं ते मतदार ओळखपत्र खोचलेलं होतं. वर मराठीत त्यांचं नाव, त्याखाली तेच इंग्रजीत, आखूड. शेजारी माझं, त्याच्या दीडपट लांब. ज्या माणसाने न वाचता चाळीस पानं डोळ्यांत ठेवली होती, तुरीच्या अकरा दाण्यांवरून जो अमेरिकेतली लबाडी ओळखत होता, त्याला खिशातल्या ओळखपत्रावरचं स्वतःचं नाव ओळखू येणार नाही, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी त्यांचा हात खिशावर का होता, ते मला चार वर्षांनी, त्या खाटेवर कळलं. आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीला इंग्रजी येऊ लागल्यावर तिने घरी विचारलं असेल, आजोबांनी तिला कसं वाचायचं ते शिकवलं असेल. कोणासाठी, ते मी विचारू शकले नाही.

मी दामिनीच्या हातावर आणलेलं पेन ठेवलं. मला बोलायचं होतं. रूपराव, असं म्हणून मी तोंडही उघडलं. पण मी म्हणाले एवढंच, “चारची गाडी आहे, चुकायची.”

रूपराव माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते खाली बघत होते. खाटेवर मी टेकले होते तेवढीच, आणि माझे दोन्ही पाय दाराकडे वळलेले होते, उजवी टाच उचललेली.

“चारची गाडी नाई आता, मॅडम. साडेपाचची हाय,” ते सावकाश म्हणाले. “नीट बसा. चहा ठेवला हाय तिनं.”

मी टाच जमिनीला टेकवली आणि पाय आत घेतले.