पिवळ्या रेघा

चमेलीला स्क्रिप्ट लिहायचा मनापासून कंटाळा होता. केशोरीजवळच्या आपल्या घरात बसून ती गोंडी शब्दांचं मोबाइल अॅप करत होती. शब्दावर बोट ठेवलं की तो ऐकू यायचा, आणि आवाज तिच्या बाबांचा, लालसिंगचा. दोन वर्षांत त्यांनी नऊशे शब्द सांगितले होते. त्या फायली गोळा करून अॅपमध्ये बसवायच्या म्हणजे दर वेळी त्याच पंधरा आज्ञा. हे आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहायला बसावं, तर कुठे कंस राहायचा, कुठे जागा जास्त सुटायची, आणि अख्खा दिवस वाया.

गोंदियाला नोकरी करणारा तिचा कॉलेजातला मित्र टिकेश. त्यानं स्क्रिप्ट लिहायच्या एडिटरमध्ये टाकायचं एक साधन पाठवलं. दोन अक्षरं लिहिली की उरलेली ओळ करड्या अक्षरांत हजर. टॅब दाबला की झालं. चूक असेल तर लाल रेघ, शंका असेल तर पिवळी. चमेली हरखली. पण फायलींची नावं गोंडीत होती, आणि त्या शहाण्या साधनाला गोंडी कुठून ठाऊक असणार? येर, पिट्टे, कोंदा, सगळ्यांखाली पिवळी रेघ. पाणी, पक्षी, बैल, तिघंही संशयित.

बाबांनी खाटेवरूनच ते पाहिलं. "माह्या बोलीत एवढ्या चुका काऊन दाखवून राहिला तो?"

चमेलीला रागच आला. तिनं पिवळ्या रेघा कायमच्या बंद करून टाकल्या.

धानाची रोवणी आटोपली आणि बाबा गेले. महिन्याभरानं एका दुपारी तिनं अॅप पुरं करायला घेतलं. त्यांचा आवाज लोकांच्या हाती द्यायचा, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. जुन्या तयार फायली पुसायची आज्ञा लिहिताना पुढे करड्या अक्षरांत फोल्डरचं नाव आलं. तिनं सवयीनं टॅब दाबला, वाचलं नाही. ते मूळ आवाजांचं फोल्डर होतं. ते पुसून, मग त्याच रिकाम्या फोल्डरवरून तयार फायलीही रिकाम्या करून स्क्रिप्ट चार सेकंदांत संपली, एकही लाल रेघ न दाखवता.

दुसरी प्रत नव्हती. फोन भरला म्हणून त्यातले आवाज तिनं केव्हाच काढले होते. गावातल्या नेटवर एक फोटो चढता चढत नाही, तिथे नऊशे फायली कोण चढवणार? पेनड्राइव्ह आज घेऊ, उद्या घेऊ करत राहून गेला होता.

"पिवळी रेघ नाई आली?" टिकेशनं फोनवर विचारलं. "स्क्रिप्टनं न बनवलेल्या फायली पुसून राहिली असशीन, तर येतेच ते."

"मी बंद केली होती."

"काऊन?"

फोन ठेवून ती पुसलेलं परत मिळतं का पाहायला लॅपटॉप घेऊन गोंदियाला गेली. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानदारानं लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि नाही म्हणून परत दिला. चमेली घरी येऊन भिंतीला टेकून बसली. आपण बाबांना दुसऱ्यांदा मारलं, असं तिला वाटत होतं, आणि तसं नाही, असं कोणी म्हणत नव्हतं.

माय आपला फोन घेऊन जवळ आली. त्यात पहिल्या दिवशी चाचणीसाठी टाकलेलं अॅप होतं. एक बटण, एक फाइल. मायनं ते दाबलं. आधी खोकला, मग बाबा.

"सुरू झालं का वो बाई?"

पुढे काही नव्हतं. नऊशेतला एकही शब्द नव्हता. मायनं पुन्हा दाबलं, बाबांनी पुन्हा तेच विचारलं.

"झालं जी," माय फोनाला म्हणाली, "सांगा आता." आणि ऐकत बसली.